करंगळीभर देश

३ जून

चिकट्या,

आधी 'प्रिय' लिहिलं होतं. मग खोडलं. खोडलेलं दिसू नये म्हणून हा दुसरा कागद घेतला आहे. तू प्रिय आहेस की नाही, हे तुझ्या उत्तरावरून ठरेल.

अक्षर ओळखलं असशीलच. ओळखलं नाहीस असं कळवलंस, तर सोंग करतो आहेस असं समजेन. सव्वीस वर्षांत आपल्यात एका ओळीचीही देवघेव नाही. तुझा पत्ता कारखान्यातल्या जुन्या हजेरीवाल्याकडून मिळवला. तो म्हणाला, "आता कशाला?" मी म्हटलं, "सहज." त्यावर त्याने माझ्याकडे असं काही बघितलं, की तो तुला आधीच सावध करणार याबद्दल माझी खात्री झाली. केलं असेल तर तसं लिही.

मुद्द्यावर येतो. माझी लेक मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. तुला आठवते ती एवढीशी असेल, आता चौतीस वर्षांची आहे. त्यामुळे मुलांची मासिकं आमच्या घरात येतच असतात. परवा सकाळी तिने चहाचा कप माझ्या हातात दिला, एक मासिक मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "बाबा, पान अठरा."

पान अठरावर आपली गोष्ट होती. चिली देश कसा झाला, त्याची. आपली म्हणजे माझी. आणि खाली छापलंय, 'सांगणारे : एक चिकटवणारे आजोबा'.

आता पोकळ गोळ्यावर कागदाच्या बारा पाकळ्या चिकटवून पृथ्वी तयार करणारे आजोबा या जगात किती असतील? आपल्या कारखान्यात चिकटवणारे मोजून चार. त्यांतला एक वारला. दुसऱ्याला गोष्ट सोड, साधा निरोप धड सांगता येत नसे. तिसरा मुका नव्हता, पण असल्यात जमा होता. राहिलास तू. मी पाकळ्या कापायचो, तू चिकटवायचास. टेबलाच्या या अंगाला माझी सुरी, त्या अंगाला तुझं खळीचं भांडं. हे गणित चौथीतलं पोरही सोडवेल.

गोष्ट मी चार वेळा वाचली. अगदी तीच आहे. जगाच्या वरच्या मालकाकडे दोन कारागीर होते, एक कापणारा, एक चिकटवणारा. अकरा पाकळ्या गोळ्यावर चोख बसल्या. बारावी बसेना. करंगळीभर फट राहिली. फटीतून आतला लाल उजेड बाहेर येऊ लागला आणि बाहेरचा समुद्र आत शिरू लागला. मालक यायची वेळ झालेली. चिकटवणाऱ्याने घाईघाईत एक लांबच लांब पट्टी घेतली, खळ फासली आणि फटीवर थापली. घाईत तिला एका कडेने वरपासून खालपर्यंत सुरकुती पडली, तो तिथला डोंगर. खाली हवा अडकून फुगे राहिले, ते ज्वालामुखी. लवकर वाळावं म्हणून त्याने वरचं टोक सूर्याजवळ धरलं, ते इतकं वाळलं की तिथे आजतागायत पाऊस नाही. खालचं टोक ओलंच राहिलं. त्याला हात लागला आणि ते फाटलं. त्याच्या चिंध्या म्हणजे तिथली बेटं. आणि खळ पातळ होती म्हणून पट्टी अजूनही मधूनमधून हलते. तिथल्या लोकांना सवय आहे, ते चहा पिताना कप दोन्ही हातांनी धरतात.

मग मालक आला. पृथ्वीचा गोल फिरवला, बोट ठेवलं. "हे काय आहे?"

"देश आहे, मालक."

"इतका बारीक?"

"लांबी बघा, मालक."

हे शेवटचं वाक्यसुद्धा जसंच्या तसं. एखादा शब्द तरी बदलायचास. तेवढीही तसदी घेतली नाहीस.

आता माझी अडचण ऐक. हीच गोष्ट माझ्या लेकीने पुस्तकासाठी घेतली आहे. सोळा पानं, सगळी रंगीत, गेलं वर्षभर ती त्यावर बसली आहे. मुखपृष्ठावर माझं नाव तिने स्वतःच्या हाताने रंगवलं आहे. या महिन्याच्या अखेरीस मला पंचाहत्तर पूर्ण होतील, त्याआधी पुस्तक छपाईला जायचं आहे. आणि आता हे पान अठरा. ती म्हणाली, "बाबा, कोणीतरी तुमची गोष्ट ढापलीय. मी संपादकांना लिहिणार आहे."

मी म्हटलं, "थांब. आधी मी चिकट्याला विचारतो."

"चिकट्या कोण?"

तिला तू माहीत नाहीस. तसं वाईट वाटून घेऊ नकोस. घरात तुझं नाव निघालं नाही, कारण तसा प्रसंग आला नाही.

तेव्हा तू एवढंच कर. संपादकांना दोन ओळी लिही, की गोष्ट तुझी नाही, तू ती कामाच्या ठिकाणी ऐकली होतीस. मी विषय संपवतो आणि लेकीलाही गप्प बसवतो.

तुझा (हेही तपासाअंतीच),
कविराज


१२ जून

चिकट्या,

नऊ दिवस झाले, तुझं उत्तर नाही.

पहिले तीन दिवस मी पोस्टमनवर संशय घेतला. तो आमच्या गल्लीत शिरताना शीळ घालतो, आणि शीळ घालणारा माणूस काहीतरी लपवत असतो असं माझं निरीक्षण आहे. मग हजेरीवाल्यावर घेतला. काल दिवसभर तुझ्या घरच्यांवर घेतला. आज पुन्हा तुझ्यावर आलो आहे. तू पत्र वाचलंस, घडी घातलीस, कुठल्यातरी जाड पुस्तकाखाली दाबून ठेवलंस आणि ताकास तूर लागू द्यायची नाही असं ठरवलंस. ओला कागद वजनाखाली ठेवायची तुझी जुनी सवय. माझ्या पत्रालाही तू तसंच सपाट करतो आहेस.

मधल्या काळात मी पान अठरा भिंगाखाली घालून पाहिलं. तेच भिंग, कारखान्यात अक्षरं तपासायचं. निवृत्त होताना मागून घेतलं होतं. आणि मला एक फार चमत्कारिक गोष्ट सापडली.

बारावी पाकळी का बसली नाही?

मी गोष्ट सांगताना म्हणतो, 'पाकळी आखूड निघाली.' निघाली, म्हणजे निघाली. कोणी काही केलं नाही. पण मासिकात काय लिहिलंय ते बघ. 'कापणाऱ्याने पाकळी अगदी बरोबर कापली होती. त्याचा हात चुकतच नसे. तो काम करताना कविता म्हणायचा आणि सुरी कवितेच्या तालावर चालायची. चूक चिकटवणाऱ्याची. त्याने खळ पातळ केली आणि पाकळी आकसली.'

हे वाचून मी भिंग खाली ठेवलं. खरं सांगतो, मी त्या पानात स्वतःवरचा आरोप शोधत होतो. ओळीओळीत तयारीने शिरत होतो. आणि तू तर मला हारच घातलास. याचा अर्थ काय घ्यायचा? सव्वीस वर्षांनी कोणी उगीच कोणाची तारीफ करत नाही. कुठेतरी पाणी मुरतंय. तू मला मुद्दाम निर्दोष सोडतो आहेस, म्हणजे तुझा काहीतरी डाव आहे, आणि तो काय आहे ते मला अजून कळत नाही, हाच बहुधा तुझा डाव आहे.

त्या पन्नास गोलांबद्दल तू कोणाला काही बोलला आहेस का? बोलला नसशील तर आता बोलण्यात अर्थ नाही. ते गोल एव्हाना भंगारातही उरले नसतील.

एक मात्र कबूल करतो. 'सुरी कवितेच्या तालावर' हे वाचलं आणि डोळ्यांसमोर आपलं टेबल आलं. सकाळी दहाच्या सुमाराला पूर्वेच्या खिडकीतून ऊन यायचं, तुझ्या भांड्यातल्या खळीवर साय धरल्यासारखी चकाकी यायची, आणि मी चौथीतली नदीची कविता सुरू करायचो. आमच्या बाई ती कविता छडीने टेबलावर ताल धरून शिकवायच्या, त्यामुळे सुरी हातात आली की ती आपोआप ओठांवर यायची. तू म्हणायचास, "कविराज, नदी जरा हळू सोड, पाकळ्या भिजतील." मला ते फार आवडायचं. तुला तेव्हा कधी म्हटलं नाही.

हे लिहायला नको होतं. तुला वाटेल मी विरघळलो. विरघळलेलो नाही. दोन ओळींची वाट बघतो आहे.

कविराज


१७ जून

चिकट्या,

तुझं कार्ड आलं.

आधी हे विचारतो, की कार्ड का? पाकिटात घालून का नाही पाठवलंस? कार्ड उघडं असतं, वाटेत कोणालाही वाचता येतं. आणि तसंच झालं. पोस्टमनने ते लेकीच्या हातात दिलं, तिने ते जिना चढता चढता वाचलं आणि वर येऊन मलाच वाचून दाखवलं. तुझं वाक्य न् वाक्य मी तिच्या आवाजात ऐकलं. ते असं :

'कविराज, दोन्ही पत्रं मिळाली. डोळ्याचं ऑपरेशन झालं, म्हणून उशीर. गोष्ट माझ्या नातीने वर्गात सांगितली, तिच्या बाईंनी मासिकाला पाठवली. छापून आल्यावर मला कळलं. गोष्ट तुला हवी असेल तर घे. मी कोणाला काही म्हणणार नाही. अजून चालीवर म्हणतोस का?'

मी हे कार्ड कालपासून निरखतो आहे. 'हवी असेल तर घे.' हे देणं आहे की टोमणा? ज्याची वस्तू त्याला कोणी 'घे' म्हणतं का? 'मी कोणाला काही म्हणणार नाही.' हा दिलासा आहे की इशारा? काय म्हणणार नाहीस? कोणाला? आणि हे सगळं झाल्यावर साळसूदपणे कवितेची चौकशी. डोळ्याच्या ऑपरेशनबद्दलही मला शंका आली होती, पण अक्षर ओळीखाली उतरत गेलंय, तेव्हा ते खरं असावं. जपून राहा. वाकू नकोस.

लेकीने कार्ड टेबलावर ठेवलं. म्हणाली, "बाबा, 'हवी असेल तर घे' म्हणजे काय?"

"त्याची बोलायची पद्धतच तशी आहे."

"चोर असं बोलत नाहीत."

"तू किती चोर पाहिलेत?"

ती हसली नाही. ब्रश पाण्यात बुडवून नुसता फिरवत राहिली. मग म्हणाली, "एक विचारू? तुम्ही कारखान्यात कापायचात ना?"

"हो."

"मग गोष्टीत सगळं चिकटवण्याचंच कसं आहे? सुरकुती, फुगे, वाळवणं, ओलं टोक फाटणं, पातळ खळ. वर्षभर मी हीच चित्रं काढतेय. सोळा पानांत सुरी फक्त एकदा आली, तीही मी माझ्या मनाने घातलेली."

"समोर बसून बघायचो ना मी रोज."

"किती वर्षं?"

"चौदा."

"चौदा वर्षं समोर बसलेल्या माणसाचं नाव मला या महिन्यात कळलं."

एवढं बोलून ती पुन्हा कामाला लागली. डोंगराच्या सुरकुतीला तपकिरी रंग देत होती. मी खुर्चीत बसून होतो. चिकट्या, इतके दिवस या घरात संशय घ्यायचं काम एकट्या माझ्याकडे होतं. आता ते तिनेही सुरू केलं आहे, आणि ती माझ्यापेक्षा हुशार आहे.

तिला काही कळवू नकोस. तिचं पत्र आलं तर उत्तर देऊ नकोस.

कविराज


२१ जून

चिकट्या,

तिने संपादकांना द्यायचं पत्र तयार केलं आहे. टाइप करून, नीट समास सोडून. त्यात लिहिलंय, की ही गोष्ट माझ्या वडिलांची असून त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याने ती परस्पर स्वतःची म्हणून खपवली आहे, मासिकाने तसा खुलासा छापावा. खाली माझ्या सहीसाठी जागा आहे.

काल दुपारी तिने तो कागद माझ्यासमोर ठेवला. मी म्हटलं, पेन उमटत नाही. तिने दुसरं दिलं. मी म्हटलं, हेही उमटत नाही. तिने ते माझ्या हातातून घेतलं आणि त्याच टेबलावरच्या एका चिठ्ठीवर तीन रेघांत मांजर काढून दाखवलं. मग म्हणाली, "सही करायची तर करा, बाबा. नसेल करायची तर का ते सांगा. मी सोमवारपर्यंत थांबते. त्या दिवशी पुस्तकही छापखान्यात जाईल."

आज शनिवार आहे.

तेव्हा आता मी जे लिहितो आहे ते तुला सगळं ठाऊकच आहे. तरीही लिहितो, कारण ते मी आजवर कुठेही लिहिलेलं नाही आणि मला बघायचं आहे की हात चालतो की नाही.

त्या दिवशी मी पन्नास कागदांचा गठ्ठा लावला होता. एका घावात पन्नास पाकळ्या. नदीची कविता चालू होती. तिसऱ्या कडव्यात नदी समुद्राला मिळते, तिथे मी नेहमी डोळे मिटायचो. आमच्या बाईही मिटायच्या. डोळे उघडले तेव्हा पोलादी पट्टी करंगळीभर आत सरकलेली होती आणि घाव बसून गेला होता. त्या कडेला वरती जे मोठमोठे देश होते, त्यांचं नुसतं कोपर सोलवटलं. पण खाली एक देश मुळातच करंगळीभर होता. तो पन्नासच्या पन्नास वेळा सगळाच्या सगळा कापला गेला आणि टेबलाखालच्या कातरणात पडला. मी तो पायाने आत सारला.

तू पहिली पाकळी लावलीस आणि म्हणालास, "कविराज, आखूड येतेय रे."

मी म्हणालो, "तुझी खळ पातळ झाली असेल."

हे वाक्य माझं आहे, चिकट्या. मासिकातली ती पातळ खळ मी त्या दिवशी तुझ्या भांड्यात ओतली होती. तू बोट बुडवून बघितलंस. खळ चांगली होती, हे तुलाही कळलं. तू माझ्याकडे पाहिलंस, आणि मग काही न बोलता पाकळी जास्त भिजवलीस आणि दोन्ही अंगठ्यांनी हळूहळू ताणत नेलीस, फट मिटेपर्यंत. पन्नास वेळा. ओला कागद इतका ताणून न फाडणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. देश गेलाय हे तुझ्याही लक्षात आलं नाही. आपण रोज जग हातात घ्यायचो, पण वाचत कुठे होतो?

महिन्याने एका शाळेतून तक्रार आली. परीक्षेत एका मुलीला चिली दाखवायला सांगितलं होतं, तिने पाऊण तास गोल फिरवला आणि रडायला लागली.

मालकांनी आपल्याला खोलीत बोलावलं. टेबलावर तो गोल होता. "यात एक देश कमी आहे," ते म्हणाले. आणि तू, तू शांतपणे सुरू झालास, "मालक, ही चूक वरच्या मालकाच्या कारखान्यातही झाली होती." उभ्या उभ्या, तिथल्या तिथे. सुरकुती, फुगे, सूर्य, चिंध्या. 'लांबी बघा' ऐकून मला तशातही हसू आलं. मालकांचीही मिशी हलली. मी पाहिली.

मग ते म्हणाले, "गोष्ट छान आहे. कापलं कोणी?"

टेबलावर कापणारा मी एकटा होतो. त्यांनाही ते माहीत होतं. पण त्यांना ते कोणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं. तू माझ्याकडे एकदा पाहिलंस. मी गोलाकडे पाहत राहिलो. तू म्हणालास, "ताणलं मी, मालक. मी सांगायला हवं होतं."

त्याच दुपारी मालकांनी हातात ठेवलेला हिशेब घेऊन तू गेलास. मी मनाशी म्हटलं, माझ्या घरी लहान मूल आहे. तुझ्या घरी दोन होती.

आणि पुढचं तुला ठाऊक नाही. त्या संध्याकाळी मी घरी गेलो, तर तुझी वहिनी म्हणाली, "आज कविता नाही, गाणं नाही, काय झालं?" मला खरं सांगता येईना. लेक मांडीवर येऊन बसली होती. तर मी तिला गोष्ट सांगायला लागलो. वरच्या मालकाकडे दोन कारागीर होते. ती इतकी हसली की तिला उचकी लागली. म्हणाली, "बाबा, तुम्ही बनवली?"

मी हो म्हणालो. तू कारखान्यातून बाहेर पडून तेव्हा चार तासही झाले नव्हते.

पुढे सांगता सांगता मला खरंच वाटायला लागलं की ती माझीच. मी मुकादम झालो, नव्या कापणाऱ्यांना सांगायचो, निरोपाच्या दिवशी सांगितली, टाळ्या घेतल्या. माणूस स्वतःवर संशय घ्यायचा विसरला की त्याचं सगळं कसं सुरळीत चालतं बघ. तो साठलेला संशय मग बाहेरच्यांवर निघतो. पोस्टमनची मी मनातल्या मनात माफी मागितली आहे.

सही केलेली नाही. सोमवारला दीड दिवस आहे.

कविराज


२२ जून

प्रिय चिकट्या,

तिला सांगितलं. आज सकाळी.

ती मुखपृष्ठावर शेवटचा हात फिरवत होती. मी समोर बसलो आणि घाबरून सुरुवातच चुकीची केली, नदीच्या कवितेपासून. ती म्हणाली, "बाबा, कविता नंतर." मग मी पट्टी सरकली तिथून सांगितलं. खळीचं सांगितलं. मालकांची खोली, आणि मी गोलाकडे पाहत राहिलो ते. आणि मांडीवर बसून तिने विचारलं होतं तेही. तिला ते आठवत होतं. उचकीसुद्धा आठवत होती.

ती रागावेल, रडेल, अशी माझी तयारी होती. तिने मला विचारलं, "त्यांना परत भेटलात कधी?"

"नाही."

"ते किती लांब राहतात?"

"बसने तीन तास."

"सव्वीस वर्षांत तीन तास मिळाले नाहीत."

मग तिने संपादकांचं पत्र उचललं आणि शांतपणे चार तुकडे केले. मला वाटलं सुटलो. पण तिने पांढऱ्या रंगाची बाटली उघडली, जाड ब्रश घेतला आणि मुखपृष्ठावरचं माझं नाव डावीकडून उजवीकडे बुजवत आणलं. वर्षभर जे नाव ती कौतुकाने मिरवत होती ते. एक हात दिला तरी खालून दिसत होतं. तिने दुसरा हात दिला. मी तिथेच बसून राहिलो, उठून जाणं बरं दिसलं नसतं. तुझ्या वेळी तू निदान चालत बाहेर गेलास. मला खुर्चीत बसून बघावं लागलं. हे तक्रार म्हणून लिहीत नाही.

तिने छापखान्याला फोन केला, की पुस्तक उद्या येणार नाही, महिनाभर थांबा. माझ्या पंचाहत्तरीला आता पुस्तक नाही.

दुपारी ती चित्रं पुन्हा पसरून बसली. प्रत्येक पानावर कापणारा आहे, त्याला माझा चेहरा आहे. तरुणपणीचा, देखणा, सुरी हातात, ओठ कविता म्हटल्यासारखे. चिकटवणारा मागे कुठेतरी पाठमोरा, एक भांडं आणि दोन हात. मी तिला जसं सांगितलं तसं तिने काढलं होतं. आता ती म्हणाली, "हे सगळं उलटं करायला हवं. गोष्ट त्यांची आहे, तर चेहरा त्यांचा दिसू दे. सांगा, कसे दिसायचे?"

मी सांगायला लागलो. अंगठे रुंद, नखांच्या कडेला वाळलेली खळ, डाव्या मनगटावर भाजल्याचा डाग. ती म्हणाली, "हात आहेत माझ्याकडे. चेहरा सांगा. नाक कसं होतं? भुवया? हसताना गाल वर जायचे का?"

मला सांगता येईना. चिकट्या, चौदा वर्षं तू माझ्यासमोर दोन हातांच्या अंतरावर बसायचास. मला तुझा आवाज आठवतो, तुझी 'नदी हळू सोड' आठवते, तुझ्या भांड्याचा वास आठवतो. चेहऱ्याच्या जागी काही नाही. मी खूप आठवून पाहिलं. त्या खोलीत तू एकदा माझ्याकडे पाहिलंस तेवढा तरी आठवावा, पण तेव्हा तर मी गोलाकडे पाहत होतो.

लेकीने पेन्सिल खाली ठेवली. "मग जाऊन बघून या," ती म्हणाली. "मी येणार नाही. तुम्ही एकटे जा. त्यांनी परवानगी दिली तर मी नंतर येऊन चित्र काढीन. नाही दिली तर पुस्तक राहू दे."

गुरुवारी सकाळच्या बसने येतो आहे. आत घ्यायलाच हवं असं नाही. मालकांनी विचारलं होतं, कापलं कोणी. त्याचं उत्तर तुझ्या उंबऱ्यावर उभा राहून मोठ्याने देईन, तुझ्या घरच्यांना, नातीला ऐकू जाईल असं. नातीला हेही सांगीन, की तुझ्या आजोबांची खळ कधीच पातळ नव्हती, तेवढं गोष्टीतून काढून टाक. मग तू दार लावलंस तरी तोपर्यंत मला तुझा चेहरा दिसलेला असेल.

या पत्राला उत्तर पाठवू नकोस. 'ये' म्हणालास, तर त्यात काहीतरी डाव आहे असं मला वाटेल आणि मी बसस्टँडवरून परत फिरेन. 'येऊ नकोस' म्हणालास, तर मी त्यावर लगेच विश्वास ठेवीन. मी स्वतःला चांगला ओळखतो.

तुझा,
कविराज